अ‍ॅरिझोनाच्या उंच वाळवंटातील द्राक्षबागा: सोनोइटा, विलकॉक्स आणि व्हर्डे खोरे

अ‍ॅरिझोनात द्राक्षांची शेती होते आणि त्या द्राक्षांपासून उत्तम वाइनही तयार होते, असे सांगितल्यावर भारतातून आलेल्या पाहुण्यांचा सहसा विश्वास बसत नाही. फिनिक्सच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि रात्रीही हवा निवत नाही, हे त्यांनी अनुभवलेले असते. मात्र या राज्यातील बागा फिनिक्सच्या सखल वाळवंटात नाहीत. त्या साधारण ३,३०० ते ५,००० फूट उंचीवरच्या पठारांवर आणि खोऱ्यांमध्ये आहेत, जिथे दिवसा कडक ऊन असले तरी सूर्य मावळताच तापमान पंधरा-वीस अंशांनी उतरते. या थंड रात्रींमुळे मण्यांमधील आम्ल टिकून राहते आणि साखर भरत असतानाही चव सपाट होत नाही. राज्यात अधिकृत मान्यता मिळालेले द्राक्षप्रदेश तीन आहेत. सोनोइटाला ती १९८४ साली, विलकॉक्सला २०१६ साली आणि व्हर्डे खोऱ्याला २०२१ साली मिळाली. ऑक्टोबरमधील आमच्या सहलीत आम्ही हे तिन्ही प्रदेश पाहिले.

सोबत निफाडचे मामा होते. मामा जुने द्राक्षबागायतदार आणि माळकरी, त्यामुळे वाइनच्या थेंबालाही ते शिवत नाहीत. तरीही २००१ च्या राज्य धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांची जी लाट आली, तिच्यात त्यांनी दोन एकरांवर शिराझ, म्हणजेच सिरा, लावले होते आणि २००९-१० च्या मंदीत माल कोणी उचलेना, तेव्हा ती बाग मुळासकट उपटली होती. एरवी ऑक्टोबरमध्ये फळासाठीची गोडी छाटणी सोडून ते घराबाहेर पडले नसते, परंतु आता बाग मुलाच्या हाती आहे. छाटणी, डोळे फुटण्यासाठी लावायची पेस्ट आणि डाउनी या बुरशीवरची फवारणी यांचा हिशेब ते रोज रात्री आठच्या सुमारास, म्हणजे निफाडच्या सकाळी, फोनवर घेत होते. ते बरोबर असल्यामुळे ही सहल केवळ पेल्यांची न राहता बागांची झाली, आणि माझ्या मते अ‍ॅरिझोनाची वाइन समजून घेण्याचा योग्य मार्ग तोच आहे.

गुरुवार: फिनिक्स ते सोनोइटा

सकाळी निघून टूसॉनमध्ये जेवणासाठी थांबलो. युनेस्कोने २०१५ साली या शहराला पाककलेचे शहर म्हणून मान्यता दिली असून त्यामागे इथल्या हजारो वर्षांच्या शेतीपरंपरेचा मोठा वाटा आहे. आम्ही टेपरी नावाच्या लहानशा घेवड्याची उसळवजा आमटी आणि मक्याच्या टॉर्टिया मागवल्या. तोहोनो ओ’ओदम लोक वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आलेले हे कडधान्य फारच थोड्या पाण्यावर येते. मामांनी दोन दाणे बोटांनी दाबून पाहिले आणि “मटकीपेक्षा काटक दिसतंय,” असा अभिप्राय दिला.

टूसॉन सोडल्यावर महामार्गावरून दक्षिणेकडे वळणारा ८३ क्रमांकाचा रस्ता चढू लागतो आणि निवडुंग मागे पडत जातात. काही मैलांनंतर समोर जे उलगडते, त्यासाठी आमची मनाची तयारी नव्हती. सांता रीटा, वॉचूका आणि व्हेटस्टोन या तीन डोंगररांगांच्या मधोमध कमरेइतके पिवळे गवत वाऱ्यावर दूरवर लवत होते आणि अधूनमधून ओकची बुटकी झाडे उभी होती. पाच हजार फुटांच्या जवळपासची ही गवताळ भूमी पाहून वाळवंट हा शब्दच तोकडा वाटू लागतो. संध्याकाळी सहानंतर इतका गारठा पडला की बॅगेतून स्वेटर काढून घालावे लागले. त्याच सकाळी फिनिक्सहून निघताना आम्ही गाडीतील वातानुकूलन लावले होते.

या भागात मुक्कामाची ठिकाणे मोजकी असल्यामुळे खोली आधीच घ्यावी. बहुतेक टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखण्याची दालने, गुरुवार ते रविवार याच दिवशी उघड्या असतात आणि दुपारी चार-पाचला बंद होतात, तेव्हा सहलीचे वार त्या हिशेबानेच ठरवावेत. मेक्सिकोची सीमा जवळ आहे, त्यामुळे उत्तरेकडे परतणाऱ्या रस्त्यांवर सीमा गस्तीदलाच्या चौक्या लागतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांनी पासपोर्ट खोलीवर न ठेवता जवळच बाळगावा.

शुक्रवार: एल्गिन

सोनोइटापासून एल्गिन अगदी जवळ आहे. आधुनिक अ‍ॅरिझोनातील वाइनची गोष्ट याच मातीत सुरू झाली. अ‍ॅरिझोना विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ गॉर्डन डट यांनी १९७० च्या दशकात, कमी पाण्यावर कोणते पीक शेतकऱ्याला परवडेल याचा शोध घेताना, या राज्यात द्राक्षांचे प्रयोग केले. सोनोइटाच्या तांबड्या मातीत त्यांना फ्रान्समधील नामांकित द्राक्षप्रदेशांच्या मातीशी साम्य दिसले. त्यांनी इथे बाग लावली आणि १९८३ मध्ये सोनोइटा व्हिनयार्ड्स ही वायनरी सुरू केली. लहान शेतकऱ्याला स्वतःच्या द्राक्षांची वाइन करून विकता यावी, यासाठी १९८२ साली राज्याच्या कायद्यात बदल झाला आणि त्यानंतरच हा व्यवसाय उभा राहू शकला. टेकडीवरच्या त्या वायनरीच्या ओसरीत उभे राहिले की डट यांनी ही जागा का निवडली असावी, ते डोळ्यांना दिसते. उतारावरून थंड हवा खाली वाहून जाते, पाणी साचत नाही आणि वारा सतत खेळता असल्यामुळे पानांवर ओल राहत नाही.

मामा मात्र दृश्याकडे पाठ करून पहिल्या ओळीतील वेलीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी खोडाजवळची माती हाताने बाजूला केली, कलमाचा सांधा शोधला आणि मला हाक मारली. “अगं, विचार त्यांना, खुंट कुठला वापरलाय ते.” तिथे काम करणाऱ्या मध्यमवयीन बाईंनी आनंदाने उत्तर दिले. सगळी बाग एकाच खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या एकाच जातीच्या मुळांवर, नव्हती. काही वेली स्वतःच्याच मुळांवर होत्या, तर काही अमेरिकी रानद्राक्षांपासून तयार केलेल्या खुंटांवर कलम केलेल्या होत्या. टेक्सास रूट रॉट नावाची बुरशी ही या राज्यातील बागांची मोठी डोकेदुखी आहे. ती उन्हाळ्याच्या भरात हिरवीगार वेल चार-आठ दिवसांत वाळवून टाकते आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. मामांनी मान हलवली आणि आपल्याकडे सगळीकडे डॉगरीज खुंट असल्याचे मला भाषांतर करून सांगायला लावले. त्या बाईंना हसू आवरेना, कारण डॉगरीज ही टेक्सासमधील एका रानद्राक्षाची निवड आहे. निफाडची थॉम्पसन द्राक्षवेल इतकी वर्षे अमेरिकेच्या याच कोरड्या टापूतील मुळांवर उभी आहे, हे मामांना ठाऊक नव्हते. त्यानंतर दोघांची मैत्री अशी जमली की माझे टेस्टिंग आटोपले तरी ते दोघे ओळींतच फिरत होते.

दुपारी कॅलाहन व्हिनयार्ड्समध्ये गेलो. केंट कॅलाहन यांनी आईवडिलांसह १९९० मध्ये इथे वेली लावल्या आणि त्यांची वाइन पुढे व्हाइट हाउसच्या मेजवान्यांमध्येही वाढली गेली. कोणत्या जाती या हवेला मानवतात याचा शोध हा इथल्या प्रत्येक चांगल्या बागायतदाराच्या आयुष्याचा भाग आहे. सुरुवातीला या राज्यात कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शार्डोने या नावाजलेल्या जातींचा आग्रह होता. आता स्पेन, दक्षिण फ्रान्स आणि इटलीकडच्या उष्ण प्रदेशांतील जाती पुढे आल्या आहेत: टेम्प्रानियो, ग्रनाश, मूर्वेद्र, सिरा, ग्रासियानो, तान्ना आणि पांढऱ्यांमध्ये माल्वाझिया बियांका. तान्नाचा पहिला घोट तोंड अक्षरशः कोरडे करतो, इतका तो तुरट असतो. परंतु पेला वीस मिनिटे तसाच ठेवला तर तुरटपणा बसतो आणि जांभळाची व लवंगेची चव वर येते. हा थांबण्याचा सल्ला मला तिथल्याच माणसाने दिला आणि पुढे प्रत्येक लाल वाइनसाठी तो उपयोगी पडला.

एल्गिनच्या वायनऱ्यांच्या मधल्या रस्त्यांवर खाण्याची सोय फार थोडी आहे. आम्ही घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे नेले होते, ते एका बाकावर बसून खाल्ले. बहुतेक ठिकाणी आपला डबा उघडायला हरकत घेत नाहीत, फक्त आधी विचारावे. शिवाय दिवसाला तीनपेक्षा अधिक वायनऱ्या ठेवू नयेत. चवथ्या ठिकाणी जीभ काहीही सांगेनाशी होते.

शनिवार: विलकॉक्सचा महोत्सव

सोनोइटाहून बेन्सनमार्गे विलकॉक्सला सकाळी दहापर्यंत पोहोचलो. राज्यातील द्राक्षांपैकी सुमारे तीन चतुर्थांश द्राक्षे एकट्या या भागात पिकतात. गाव मात्र अगदी लहान, रेल्वेच्या रुळांना चिकटून वसलेले आहे. रुळांलगतच्या रस्त्यावर १८८० चे जुने लाकडी स्थानक आहे, शेजारी रेक्स अ‍ॅलन या काउबॉय गायक-अभिनेत्याचे संग्रहालय आहे, आणि समोरच्या बागेत त्याचा पुतळा आहे. त्याचा लाडका घोडा कोको याच बागेत पुरलेला आहे. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरद ऋतूत, याच बागेत वाइन महोत्सव भरतो.

महोत्सवाची पद्धत सोपी आहे. प्रवेशद्वारावर वयाचा पुरावा पाहतात, कारण २१ वर्षांखालील व्यक्तीला वाइन मिळत नाही. तिकिटासोबत एक काचेचा पेला आणि चाखण्याची कुपने मिळतात. प्रत्येक कुपनावर घोट-दोन घोट ओततात आणि आवडली तर तिथेच बाटली विकत घेता येते. आमच्यापैकी ज्याच्याकडे त्या दिवशी गाडी असे तो काहीच पीत नसे. अ‍ॅरिझोनाचा कायदा या बाबतीत फार कडक आहे. रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण ०.०८ टक्क्यांच्या खाली असले तरी चालकावर दारूचा थोडासाही परिणाम दिसला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. ज्यांना चाखून गाडीही चालवायची असेल त्यांनी प्रत्येक टेबलावर ठेवलेल्या भांड्यात घोट थुंकावा. तसे करणे इथे अशिष्ट मानत नाहीत, उलट विक्रेते अशा पाहुण्याशी अधिक गंभीरपणे बोलतात, असा माझा अनुभव आहे.

मोठ्या शहरांतील वाइन महोत्सवांत सहसा नेमलेले विक्रेते उभे असतात. इथे टेबलामागे ज्यांनी वेली लावल्या, तीच माणसे होती. एका निवृत्त जोडप्याने दहा एकरांची बाग स्वतः तोडून, स्वतः दाबून केलेली माल्वाझिया आम्हाला दिली. पेला नाकाशी नेताच जाईचा आणि संत्र्याच्या सालीचा वास आला. जिभेवर ती इतकी कोरडी आणि लख्ख होती की त्या वासाची गोडी कुठे गेली, असा प्रश्न पडावा. या संपूर्ण सहलीत एकच वाइन सुचवायची झाली तर मी विलकॉक्सची माल्वाझिया बियांका सुचवीन. अधूनमधून मालगाडी धडधडत जाई आणि शंभर-सव्वाशे डबे सरेपर्यंत सगळ्यांचे बोलणे थांबे. मग वाक्य जिथे तुटले होते तिथूनच पुढे सुरू होई.

मामा द्राक्षाचा रस घेऊन हिंडत होते. सिराच्या टेबलापाशी मात्र ते थांबले आणि माझा पेला हातात घेऊन बराच वेळ नुसता हुंगत राहिले.

“मिरी येते का गं वासात?” त्यांनी विचारले.

“येते, मामा. सिराची ओळखच ती आहे.”

“आमच्या मालाचीही हीच होईल, असं तेव्हा कारखान्याचा माणूस म्हणाला होता. वास घ्यायचा राहूनच गेला.”

त्यांनी पेला परत दिला आणि टेबलामागच्या माणसाला एकरी उतारा किती, हे विचारायला सांगितले. एकरी दोन-तीन टन ऐकल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. खाण्याच्या द्राक्षात एकरी दहा टन पाहिलेल्या माणसाला तो आकडा फारच कमी वाटला, परंतु चवीसाठी मुद्दाम उतारा कमी ठेवतात हे कळल्यावर त्यांनी लगेच पुढचा प्रश्न केला, की मग किलोला दर काय मिळतो. ज्याची बाग त्याचीच वायनरी असेल तर द्राक्ष विकावेच लागत नाही, असे उत्तर आले. तो माणूस पुढे म्हणाला की केवळ द्राक्षे पिकवून दुसऱ्याला विकणारे शेतकरी इथेही अडचणीत येतात.

रविवार: बागा, पाणी आणि चिरिकाहुआ

सकाळी त्याच निवृत्त जोडप्याच्या बागेवर गेलो. त्यांनी आदल्या दिवशी मामांना आग्रहाने बोलावले होते. तोडणी बहुतेक संपली होती, फक्त शेवटच्या ओळींमध्ये मूर्वेद्रचे काही घड शिल्लक होते. शेडमध्ये उघड्या टाक्यांत लाल द्राक्षे आंबत होती. सालींचा जाड थर रसावर तरंगत येतो आणि तो दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावा लागतो, नाहीतर वरचा थर सुकून बिघडतो. बाईंनी लांब दांड्याचे लोखंडी दाबण माझ्या हातात दिले. मी सारा भार टाकला तरी थर हलेना. मग तो अचानक फुटला आणि खालून कोमट, आंबूस वाफ आणि गडद जांभळा फेस उसळून वर आला. त्या टाकीवर वाकू नये, अशी ताकीद त्यांनी आधीच दिली होती, कारण आंबताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने माणूस गुदमरू शकतो.

बागेच्या मध्यभागी विमानाच्या पंख्यासारखे पाते असलेला उंच खांब होता. मामांनी तो कशासाठी, असे विचारले. एप्रिल-मेमध्ये डोळे फुटल्यानंतर अचानक हिमतुषार पडतो आणि एका रात्रीत वर्षाचे पीक जाते. अशा रात्री जमिनीलगत थंड हवा साचते आणि वर थोडी उबदार हवा असते, ती हा पंखा खाली ढकलतो. मामा म्हणाले, “आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा तीन-चारवर उतरला की आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो.” हे ऐकून त्या गृहस्थांनी धुराने खरोखर किती फरक पडतो, ओल्या काड्या जाळता की सुक्या, असे प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि भाषांतर करता करता माझी तारांबळ उडाली.

खरा फरक पावसाचा आहे. नाशिककडे ऑक्टोबरात छाटणी करून वेलीला हिवाळ्यात फळ धरायला लावतात, म्हणजे पावसाळा टळतो. इथे कडक हिवाळ्यात वेल झोपी जाते, त्यामुळे तारीख शेतकऱ्याच्या हातात राहत नाही. जुलै ते सप्टेंबर या काळात अ‍ॅरिझोनाचा मान्सून येतो, दुपारी ढग दाटतात, विजा कडाडतात, कधी गाराही पडतात, आणि नेमके त्याच वेळी मणी पिकत असतात. म्हणूनच जाड सालीच्या आणि सैल घडांच्या जातींना इथे महत्त्व आहे आणि अनेक ओळींवर गारांसाठी व पाखरांसाठी जाळ्या ओढलेल्या दिसतात.

त्यांच्या बोलण्यातील सर्वांत मोठी चिंता मात्र जमिनीखालच्या पाण्याची होती. विलकॉक्सच्या खोऱ्यातून पाणी बाहेर वाहून जात नाही, मधोमध एक विस्तीर्ण कोरडे तळे आहे, आणि सारी शेती बोअरवर चालते. पाण्याची पातळी वर्षानुवर्षे खाली जात असून काही ठिकाणी जमीन खचली आहे व लांबच लांब भेगा पडल्या आहेत. २०२२ साली उपशावर नियंत्रण आणण्याच्या प्रस्तावाला इथल्या मतदारांनी नकार दिला होता, अखेर डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या जलविभागानेच हे खोरे नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. ठिबकवरची द्राक्षे लसूणघास किंवा मक्याच्या तुलनेत फारच थोडे पाणी घेतात, तरीही शेजाऱ्याची बोअर खोल गेली की आपली कोरडी पडते, हे दुःख मामांना समजावून सांगावे लागले नाही. त्या विषयावर ते दोघे एकमेकांची भाषा न जाणता बराच वेळ हातवारे करून बोलत होते.

परतताना अ‍ॅपल अ‍ॅनीजच्या सफरचंदांच्या बागेत गरम अ‍ॅपल पाय (सफरचंदाचे सारण भरून भाजलेला पदार्थ) खाल्ला. दालचिनीचे प्रमाण त्यात अगदी योग्य होते. दुपारनंतर चिरिकाहुआ राष्ट्रीय स्मारकात गेलो. सुमारे २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेपासून तयार झालेल्या खडकांचे इथे हजारो सुळके उभे राहिले आहेत, आणि मसाई पॉइंटवरून ते एका नजरेत दिसतात. प्रवेशशुल्क नाही, परंतु आत पेट्रोल किंवा जेवण मिळत नाही, त्यामुळे टाकी विलकॉक्समध्येच भरावी. हिवाळ्यात येणाऱ्यांनी विलकॉक्सच्या कोरड्या तळ्यावर उतरणारे सँडहिल क्रौंच अवश्य पाहावेत. आम्हाला त्यांचा पहिला छोटा थवा उंचावरून जाताना दिसला.

सोमवार: धुळीचा दिवस

या दिवशी केवळ प्रवास होता आणि तोच बिघडला. सकाळपासून वारा सुटला होता. विलकॉक्सहून पश्चिमेकडे निघून काही मैल झाले तोच कोरड्या तळ्याच्या दिशेने तपकिरी भिंत सरकत आली आणि पुढची गाडी दिसेनाशी झाली. अशा वेळी रस्त्यापासून शक्य तितके दूर गाडी घ्यावी, सर्व दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरचा पाय काढून घ्यावा, हा या राज्यातील नियम प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. दिवे चालू राहिले तर मागचा चालक त्यांच्या मागोमाग येऊन धडकतो. आम्ही तसेच केले. पाऊण तास गाडी हलत होती आणि काचांवर वाळू तडतडत होती. मामा हरिपाठ म्हणत बसले होते, आम्हीही हळू आवाजात साथ दिली. धूळ बसल्यावर पुढचा रस्ता निर्विघ्न होता, परंतु व्हर्डे खोऱ्यात पोहोचायला रात्र झाली.

मंगळवार: व्हर्डे खोरे

कॉटनवुडच्या जुन्या पेठेत एकाच रस्त्यावर अनेक वायनऱ्यांच्या टेस्टिंग रूम आहेत, त्यामुळे गाडी एकदा लावली की सगळे पायी फिरता येते. प्रथमच येणाऱ्यांना हा भाग सर्वांत सोयीचा आहे. टूल या रॉक बँडचा गायक मेनार्ड जेम्स कीनन याने इथल्या वाइनला देशभर प्रसिद्धी मिळवून दिली. जेरोममधील एका बागेला त्याने आपल्या आईचे, ज्युडिथचे, नाव दिले आहे. अनेक लोक केवळ त्याच्या नावासाठी येतात. मी मात्र सांगेन की वेळ कमी असेल तर आधी क्लार्कडेलला जावे.

क्लार्कडेलमध्ये यावापाई कॉलेजचे साउथवेस्ट वाइन सेंटर आहे. इथे विद्यार्थी द्राक्षे लावतात, छाटतात, वाइन करतात आणि स्वतःच विकतात. रॅकेटबॉल खेळण्याच्या जुन्या कोर्टाचे रूपांतर करून त्यांची वायनरी उभी राहिली आहे. उंच भिंतींच्या त्या दालनात आता स्टीलच्या टाक्या आणि लाकडी पिंपे आहेत. आम्हाला वाइन देणारी मुलगी आधी दवाखान्यात काम करत होती आणि आता दुसऱ्या वर्षाला होती. तिने मामांना छाटणीच्या ओळी दाखवल्या आणि त्यांच्या हातात कात्री दिली. एक वाळकी काडी त्यांनी डोळे मोजून, तिरका काप देऊन कापली, तेव्हा तिने तो काप फोटोत टिपून घेतला. काही काड्या निफाडला नेता येतील का, असे त्यांनी विचारले. भारतात रोपे आणि काड्या नेण्यासाठी आयात परवाना लागतो आणि पुढे विलगीकरणही होते, त्यामुळे सामानातून काड्या नेण्याचा विचारही कोणी करू नये. मामांनी त्याऐवजी खुंटांची आणि जातींची नावे वहीत माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतली.

दुपारी ओक क्रीकच्या काठावरच्या पेज स्प्रिंग्ज सेलर्सला गेलो. इथे पाण्याची खळखळ ऐकत बसता येते आणि जेवणही चांगले मिळते. शाकाहारी माणसाला भाजलेल्या भाज्या, चीज आणि ताजा पाव पुरतो. ओढ्याकाठच्या सिकॅमोरच्या झाडांवर रानद्राक्षांच्या वेली चढलेल्या होत्या, पाने पिवळी पडत होती आणि ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे काळे मणी सुकून लोंबत होते. अ‍ॅरिझोना हेच नाव असलेल्या रानद्राक्षाची ही जात असून, कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी द्राक्षवेली मारणाऱ्या पिअर्सच्या रोगाला प्रतिकार करणाऱ्या नव्या जाती घडवताना तिच्याच कुळातील वेलीचा उपयोग केला आहे. मामांनी एक मणी तोंडात टाकला, बी दातांत धरून पाहिले आणि “आंबट आहे, पण बीत जीव आहे,” असे म्हणाले.

संध्याकाळी डोंगरावरच्या जेरोमला चढलो. तांब्याच्या खाणींमुळे १९२० च्या दशकात इथे सुमारे १५,००० लोक राहत, १९५३ मध्ये खाणी बंद झाल्या आणि आज वस्ती जेमतेम साडेचारशे आहे. उताराला टेकलेली घरे आणि घसरत खाली आलेला जुना तुरुंग पाहून झाल्यावर काळोख पडण्यापूर्वी उतरावे, कारण वळणे तीव्र आहेत.

बाटल्यांबद्दल एक सूचना. दुपारच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेली वाइन काही तासांत बिघडते, तेव्हा थर्माकोलची पेटी आणि बर्फाच्या पिशव्या बरोबर ठेवाव्यात. भारतात परतणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येते, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या सहज बसतात. मामांनी एकही नेली नाही. पण निफाडला पोहोचल्यावर त्यांनी विहिरीकडच्या पडीक तुकड्याची माती तपासायला पाठवली आहे आणि मुलाशी सिराच्या दोन ओळींबद्दल बोलणे चालू आहे, असे गेल्या आठवड्यात फोनवर सांगितले. मामी अजून तयार नाहीत.

वेली फुटताना पाहायच्या असतील तर एप्रिलच्या अखेरीस यावे, तोडणी पाहायची असेल तर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर उत्तम, फक्त दुपारच्या वादळांचा अंदाज घेऊन निघावे. दोन्ही वेळा चुकल्या तर ऑक्टोबर आहेच. तेव्हा शेतकऱ्यांचे हात थोडे मोकळे असतात आणि ते मनापासून बोलतात.